प्रवासासाठी एकच हलकी लेन्स: पहिल्यांदा निवडताना

पहिला मिररलेस कॅमेरा घेऊन दोन-चार सहली झाल्या की सोबत आलेली छोटी किट लेन्स तोकडी वाटायला लागते. समोरचा बुरूज जवळ येत नाही, देवळाच्या गाभाऱ्यात फोटो हलतात, आणि मग शोध सुरू होतो. दुकानात गेलं की बहुतेक वेळा दोन टोकं पुढे ठेवली जातात. एक म्हणजे १८-३०० मिमी सारखी (रुंद दृश्यापासून खूप लांबच्या वस्तूपर्यंत) ‘यात सगळंच येतं’ म्हणून विकली जाणारी लेन्स, आणि दुसरी एफ/२.८ची, म्हणजे अंधारात जास्त प्रकाश घेणारी, जाड, महागडी लेन्स. नवख्या माणसाला दोन्ही पटतात आणि दोन्ही घ्यायची भीती वाटते.

माझं मत आधीच सांगते. क्रॉप सेन्सरचा (जुन्या ३५ मिमी फिल्मइतक्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा असेल तर सुमारे तीनशे ग्रॅमची १८-१३५ किंवा १८-१५० प्रकारची एक झूम घ्या, आणि अंधारासाठी खिशात मावेल अशी एक छोटी प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स. हजारो रुपये घालण्याआधी हे मत तुमच्या भटकंतीवर घासून बघा. ते कसं, ते खाली क्रमाने लिहिलं आहे. सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५० किंवा आर१०, फुजीची एक्स मालिका, असे एपीएस-सी, म्हणजे क्रॉप सेन्सरचेच कॅमेरे मी समोर धरले आहेत, कारण नवशिक्यांच्या हातात सहसा हेच असतात. फुल फ्रेमवाल्यांसाठी पुढे थोडं आहेच.

पायरी १: जुने फोटो उघडा

लेन्सचे आकडे वाचण्याआधी तुमच्या मागच्या सहलींमधले आवडलेले फोटो संगणकावर काढा. प्रत्येक फोटोच्या माहितीत फोकल लेंथ लिहिलेली असते: मिमीमधला हा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकी लांबची वस्तू जवळ. बरेचसे फोटो १६ किंवा १८ मिमीला अडकलेले असतील तर तुम्हाला रुंद दृश्यं आवडतात. बरेचसे ४५-५० ला असतील आणि त्यावरही तुम्ही कडा कापून आतला भाग मोठा केला असेल, तर तुमची भूक लांबच्या टोकाची आहे.

मोबाइलचे फोटोही बघा. फोनचा मुख्य कॅमेरा फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २४ ते २६ मिमी इतकं दृश्य दाखवतो. तुम्ही सारखं ‘०.५’वर बोट ठेवत असाल तर ते १३-१४ मिमीच्या आसपासचं दृश्य असतं, आणि तेवढं रुंद कुठलीही सर्वसाधारण प्रवासी झूम देत नाही. हे आधी माहीत असलेलं बरं, नाहीतर नवी लेन्स लावल्यावर फोनच बरा होता असं वाटतं.

पायरी २: दीडने गुणा

लेन्सवर लिहिलेला आकडा आणि प्रत्यक्ष दिसणारं दृश्य यांच्यात सेन्सर येतो. सोनी, निकॉन आणि फुजीच्या एपीएस-सी कॅमेऱ्यांवर फोकल लेंथ १.५ने गुणायची, कॅननवर १.६ने, मायक्रो फोर थर्ड्सवर (आणखी लहान सेन्सरवर) २ने. म्हणजे १८-१३५ ही फुल फ्रेमच्या हिशेबात साधारण २७-२०० झाली.

हा गुणाकार न केल्यामुळे एक चुकीची खरेदी नेहमी होते. ‘पुढे फुल फ्रेम घेणारच आहे’ म्हणून लोक आजच्या क्रॉप कॅमेऱ्यावर २४-१०५ लावतात. ती तिथे ३६-१५८ होते. लांबचं टोक छान मिळतं, पण रुंदी हातची जाते, आणि वजन मात्र फुल फ्रेमचंच वाहावं लागतं. पुढचा कॅमेरा येईल तेव्हा येईल, लेन्स आजच्या कॅमेऱ्याला घ्या.

पायरी ३: रुंद टोक आधी ठरवा

दुकानदार लांबच्या टोकाचं कौतुक करतो, कारण ते काउंटरवर उभं राहून दाखवता येतं. मी नवख्यांना नेहमी उलटं सांगते. लांबची वस्तू जवळ हवी असेल तर अनेकदा चार पावलं पुढे जाता येतं. मागे मात्र जाता येत नाही. पाठीशी भिंत असते, खांब असतो, गडावर तर कडाच असतो.

अजिंठ्याचं २६ क्रमांकाचं लेणं घ्या. डाव्या भिंतीवर बुद्धाच्या महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे, सुमारे सात मीटर लांब. समोरून ते एका फ्रेममध्ये घ्यायचं तर १८ मिमीला तुम्हाला साधारण साडेपाच मीटर मागे उभं राहावं लागतं, आणि २४ मिमीला सव्वासात मीटरच्या आसपास. शिल्पाच्या पुढे खांबांची रांग आहे. जितकं मागे सरकाल तितके ते खांब फ्रेममध्ये शिरतात. वेरूळच्या कैलासाच्या प्रांगणात, वाड्याच्या चौकात, पेठेतल्या गल्लीत, सगळीकडे हीच अडचण येते.

म्हणून १८ ही माझी शेवटची मर्यादा. १६ पासून सुरू होणारी मिळाली तर आणखी चांगलं: दहा मीटरवरून १८ मिमी जिथे तेरा मीटर रुंदी टिपते, तिथे १६ मिमी पावणेपंधरा मीटर टिपते. आकड्यात फरक दोनचाच दिसतो, पण दगडी चौकात तो स्पष्ट जाणवतो. देवळं, वाडे आणि लेणी हाच तुमचा मुख्य विषय असेल तर थोडं लांबचं टोक सोडून १६ घ्या.

पायरी ४: लांबचं टोक किती पुरे?

उभ्या फ्रेममध्ये साडेपाच फुटी माणूस पायापासून डोक्यापर्यंत भरायचा असेल तर ५० मिमीला तुम्ही त्याच्यापासून साडेतीन मीटरवर असता, १३५ला जवळजवळ दहा मीटरवर. वारीत दिवेघाटाच्या वळणावर उभं राहून पालखीसोबत चालणाऱ्या माणसांचे चेहरे टिपायचे असतील तर हे दहा मीटर फार उपयोगाचे आहेत. कोणाच्या वाटेत येत नाही, आणि कॅमेरा बघून कोणी थबकतही नाही. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरून तोरणा किंवा माचीवरची तटबंदी भरीव दिसावी असं वाटत असेल तर किट लेन्सचं ५० अपुरं पडतं, १३५ पुरतं.

१३५-१५०च्या पुढे काय मिळतं? प्रामुख्याने पक्षी आणि प्राणी. पण भिगवणच्या रोहित पक्ष्यांसाठी ३००सुद्धा बऱ्याचदा कमीच पडतं. त्यामुळे १८-३०० घेऊन माणूस मधेच अडकतो: पक्ष्यांना पुरत नाही आणि रोजच्या भटकंतीला जड होते. टॅमरॉनची १८-३०० ही ६२० ग्रॅमची आहे, सोनीची १८-१३५ ही ३२५ची. पक्षीच बघायला जाणार असाल तर त्या सहलीपुरती लांब लेन्स भाड्याने घ्या. मुंबई-पुण्यात लेन्स दिवसावर भाड्याने मिळतात.

पायरी ५: अंधाराचं काय करायचं

इथे जरा थांबून वाचा, कारण प्रवासी झूमची खरी कमजोरी ही आहे, आणि पैसे चुकीच्या जागी जातात तेही इथेच.

लेन्सवर एफ/३.५-५.६ असं लिहिलेलं असतं. याचा अर्थ सर्वांत रुंद टोकाला लेन्स एफ/३.५ इतकी उघडते आणि झूम करत गेलात की लहान होत होत एफ/५.६वर येते. आकडा जितका लहान तितका प्रकाश जास्त. एफ/२.८ आणि एफ/५.६ यांच्यात प्रकाशाचा फरक चौपट असतो.

आता अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीसमोर उभे आहात असं धरा. आत उजेड मंद, फ्लॅश चालत नाही. लेन्स ३५ मिमीवर आहे, तिथे अशा झूमचं अॅपर्चर (ती किती उघडते तो आकडा) एफ/४.५च्या आसपास असतं. समजा आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) ६४०० ठेवून कॅमेरा शटर १/१५ सेकंद उघडं ठेवायला सांगतो. त्याच जागी एफ/२.८ची झूम असती तर अडीचपट प्रकाश मिळून १/४० सेकंद मिळाला असता. आणि एफ/१.८ची ३५ मिमी प्राइम असती तर? सहापट प्रकाश, म्हणजे साधारण १/९० सेकंद. किंवा शटर १/२५ ठेवून आयएसओ १६००पर्यंत खाली आणता येतो, आणि मग भिंतीवरचे रंग दाणेदार न होता स्वच्छ उतरतात.

वजनाकडे बघा म्हणजे मुद्दा लक्षात येईल. टॅमरॉनची १७-७० एफ/२.८ ही ५२५ ग्रॅमची आहे, म्हणजे सोनीच्या १८-१३५पेक्षा दोनशे ग्रॅम जास्त. हे दोनशे ग्रॅम तुम्ही दिवसभर उन्हात वाहणार, जिथे एफ/८च वापरायचं असतं, आणि त्या बदल्यात अंधारात मिळणार अडीचपट प्रकाश. सोनीची ३५ मिमी एफ/१.८ मात्र दीडशे ग्रॅमच्या आसपास आहे, दिवसभर पिशवीत पडून असते आणि गरज पडली की सहापट प्रकाश देते. नवख्या प्रवाशाला मी प्राइम सुचवते ती या हिशेबाने.

एफ/२.८ झूमचं पारडं जड होतं अशीही माणसं आहेत. संध्याकाळची कीर्तनं, लग्नं, जत्रेतली रात्र, अशा जागी माणसं सतत हलतात आणि लेन्स बदलायला वेळ नसतो. धुळीत किंवा पावसात लेन्स काढणं तर टाळायलाच हवं. तुमच्या जुन्या फोटोंमध्ये असे प्रसंग जास्त दिसले तर सिग्माची १८-५० एफ/२.८ बघा. ती २९० ग्रॅमच्या आसपास आहे, या जातीत आश्चर्य वाटावं इतकी लहान. लांबचं टोक मात्र ५०वर थांबतं.

पायरी ६: स्टॅबिलायझेशन लेन्समध्ये आहे की बॉडीत?

की कुठेच नाही, हे तपासा. स्टॅबिलायझेशन म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय. सोनी ए६४००, निकॉन झेड५०, कॅनन आर५० आणि आर१० यांच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन नाही. सोनी ए६७००, कॅनन आर७, फुजी एक्स-एस२० यांच्यात आहे. सिग्माच्या वरच्या १८-५० लेन्समध्येही ते नाही, त्यामुळे ए६४००वर ती लावली की हात स्थिर ठेवायची जबाबदारी पूर्णपणे तुमची. नावात ओएसएस, व्हीआर, आयएस, व्हीसी किंवा ओआयएस यांपैकी काही असेल तर लेन्समध्ये सोय आहे असं समजा. चालता चालता व्हिडिओ काढणाऱ्यांनी तर ही अट सोडूच नये.

सोय हाताच्या थरथरीपुरतीच आहे, हे लक्षात ठेवा. १३५ मिमीला हातात धरून एरवी १/२०० सेकंद लागला असता, तिथे स्टॅबिलायझेशनमुळे १/३० लाही स्थिर दगडाचा फोटो चांगला येतो. नाचणारा वारकरी मात्र १/३० ला पुसटच येणार. त्याला १/२५० च्या वर हवं, आणि ते प्रकाशानेच मिळतं.

पायरी ७: वजन बॉडीसकट मोजा

ए६४०० बॅटरीसह ४०३ ग्रॅम. त्यावर १८-१३५ म्हणजे ७२८, १७-७० एफ/२.८ म्हणजे ९२८, १८-३०० म्हणजे एक किलोच्या वर. त्यात हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं), फिल्टर, पट्टा धरा. पाऊण किलो मानेत घालून माणूस गड चढतो. किलोच्या वर गेलं की कॅमेरा सॅकमध्ये जातो, आणि सॅकमधल्या कॅमेऱ्याने चढावरचं काहीच टिपलं जात नाही.

दुकानात एक गोष्ट हाताने करून बघा. लेन्स बॉडीला लावा, पूर्ण झूम करा आणि उजव्या एका हाताने मिनिटभर धरा. पुढची नळी बाहेर आल्यावर भार पुढे जातो आणि मनगट ते लगेच सांगतं. मग लेन्स खाली तोंड करून लटकवा आणि थोडं चाला. नळी आपोआप घसरत असेल तर चालताना तसंच होणार. काही लेन्सवर ती अडकवायला छोटी कळ असते, ती आहे का बघा.

पायरी ८: जवळचं किती जवळ?

कासच्या पठारावर जाणाऱ्यांनी हा आकडा जरूर वाचावा. सीतेची आसवं किंवा दवबिंदू ही फुलं इतकी चिमुकली असतात की साध्या लेन्सने नुसता हिरवा गालिचा येतो. लेन्सच्या माहितीत ‘मॅग्निफिकेशन’ लिहिलेलं असतं. सोनीच्या १८-१३५चं ते ०.२९ आहे, म्हणजे साधारण आठ सेंटिमीटर रुंदीचा तुकडा अख्खी फ्रेम भरतो. फुलांचा छोटा गुच्छ त्यात छान येतो, एकटं फूल नाही.

हे मॅग्निफिकेशन कुठल्या टोकाला मिळतं तेही बघा. सोनीमध्ये ते लांबच्या टोकाला, ४५ सेंटिमीटरवरून मिळतं, त्यामुळे वाटेवरच राहून, झाडोऱ्यात पाय न घालता फोटो होतो. सिग्माची १८-५० आकड्यात यापेक्षा सरस आहे, पण ते रुंद टोकाला, १२ सेंटिमीटरवरून. हे अंतर सेन्सरपासून मोजतात, लेन्सच्या तोंडापासून नाही. लेन्सची लांबी वजा केली तर फूल काचेच्या अगदी पुढ्यात येतं आणि त्यावर लेन्सचीच सावली पडते.

मग नेमकी कोणती?

सोनी ई माउंटवर १८-१३५ (३२५ ग्रॅम), निकॉन झेडच्या क्रॉप बॉडीवर झेड डीएक्स १८-१४० (३१५), कॅनन आरएफ-एसमध्ये १८-१५० (३१०). तिन्ही जवळजवळ एकाच वजनाच्या आहेत आणि तिन्हींत स्टॅबिलायझेशन आहे. फुजीवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी: त्यांची १८-१३५ ही ४९० ग्रॅमची आहे, म्हणून मी तिथे १८-५५ एफ/२.८-४ (३१०) सुचवेन. लांबचं टोक कमी, पण अंधारात ती या सगळ्यांत उजवी.

सोबतची प्राइम: सोनीला ३५ एफ/१.८, निकॉनला डीएक्स २४ एफ/१.७ (१३५ ग्रॅम), फुजीला ३५ एफ/२ (१७०). कॅननवर स्वस्त म्हणून सगळे ५० एफ/१.८ घेतात, पण क्रॉपवर ती ८० होते आणि लेण्यात, घरात फार अरुंद पडते. त्यापेक्षा २८ एफ/२.८ बघा, फक्त १२० ग्रॅम. प्रकाश थोडा कमी, पण जागेत मावते.

फुल फ्रेमला कॅननची २४-१०५ एफ/४-७.१ (३९५) आणि निकॉनची २४-२०० (५७०) या दोन मला प्रवासाला योग्य वाटतात. मायक्रो फोर थर्ड्सवाले सर्वांत सुखी: पॅनासॉनिकची १४-१४० ही २६५ ग्रॅममध्ये २८-२८० इतका पल्ला देते. जुना डीएसएलआर असेल तर निकॉनची १८-१४० किंवा कॅननची १८-१३५ वापरलेली घ्या. बाजारात भरपूर आहेत, पण वजन पाचशेच्या आसपास धरून चाला.

पायरी ९: विकत घेताना

बॉडी आणि मेमरी कार्ड सोबत न्या. दुकानाबाहेरची पाटी असलेली लांबची भिंत रुंद टोकाला, मधे आणि लांबच्या टोकाला एफ/८ वर टिपा आणि पडद्यावर मोठं करून चारही कोपरे बघा. कोपरे मधल्या भागापेक्षा थोडे मऊ असणं ठीक, पण एकच कोपरा इतर तिघांपेक्षा पुसट असेल तर आतली काच तिरकी बसली आहे. दुसरा नग मागा.

वापरलेली लेन्स असेल तर मोबाइलचा टॉर्च मागून लावून आत बघा. धुळीचे चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी, किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. नव्या लेन्सला जीएसटीचं बिल आणि कंपनीची भारतातली वॉरंटी घ्याच. ‘बिलाशिवाय चार हजार कमी’ हा सौदा पहिल्या बिघाडापर्यंतच स्वस्त असतो.

फिल्टर आणि हूडबद्दल थोडक्यात: हूड नेहमी लावा, उन्हाची तिरीप आणि धक्का दोन्हीपासून वाचवतो. फिल्टरमध्ये सुरुवातीला एकच घ्या, पोलरायझर. पाण्यावरची चमक आणि ओल्या पानांवरचा पांढुरकेपणा त्याने जातो, ते संगणकावर नंतर तसं करता येत नाही.

पावसाळ्यासाठी

वर सुचवलेल्या हलक्या झूमपैकी एकही भर पावसात धरायची नाही. गडावर जाताना झिप असलेली जाड प्लास्टिकची पिशवी आणि एक सुती रुमाल सोबत ठेवा. एसी गाडीतून उतरल्यावर कोकणातल्या दमट हवेत लेन्सवर वाफ धरते. अशा वेळी पुसत बसू नका आणि लेन्स काढूही नका. कॅमेरा बंद बॅगेतच अर्धा तास राहू द्या, बाहेरच्या हवेइतका गरम झाला की वाफ धरत नाही.

घरी आल्यावर लेन्स कापडी किंवा चामड्याच्या पिशवीत कोंडून कपाटात ठेवू नका. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर एवढं पुरतं. मीटरचा आकडा चाळीस ते पन्नासच्या दरम्यान ठेवा आणि सिलिका जेलचा रंग बदलला की ते सुकवून परत वापरा. बुरशी आतल्या काचेपर्यंत पोचली की दुरुस्तीचा खर्च परवडत नाही, म्हणून हा डबा लेन्सच्या बजेटमध्येच धरा.